रोज नव्यानं

(वाकडमधल्या एका फ्लॅटचा हॉल. दुपारी साडेतीनचा सुमार. स्वप्नाली अर्धी रजा टाकून ऑफिसातून आली आहे. तिचे वडील सयाजी आतल्या खोलीत झोपले आहेत. जयमाला गेले चार महिने त्यांना सांभाळते.)

स्वप्नाली : ...आणि हे कालचं. ऐका. आवाज तुमचाच आहे ना?

जयमाला : माझाच हाय.

स्वप्नाली : हे परवाचं. आणि हे रविवारचं, मी खाली भाजी आणायला गेले होते तेव्हाचं. अकरा मिनिटं मिळाली तुम्हाला, मावशी. तेवढ्यातही रडवलंत त्यांना.

जयमाला : बंद करा ताई तो फोन. मी न्हाई म्हनायले का? मीच सांगते त्येंला. रोज सांगते.

स्वप्नाली : तीन महिने मी डॉक्टरांकडे खेटे घालतेय. बीपी का वाढतंय, दुपारचं जेवण का जात नाही, सकाळी दहानंतर सोफ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून का बसतात. दोनदा गोळ्या बदलल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, टीव्हीवर काही भीतीदायक लागतं का बघा, अल्झायमरच्या पेशंटला ते खरंच वाटतं. म्हणून कॅमेरा लावला मी. मला वाटलं, टीव्ही.

जयमाला : टीव्ही तर मी लावतच न्हाई. त्येंला तरास व्हतो आवाजाचा.

स्वप्नाली : त्रासाचं तुम्ही बोलू नका! आधी कानातलं मशीन घालता. बॅटरी बघता. 'ऐकू येतंय का साहेब' म्हणून दोनदा विचारता. मला वाटायचं, किती जपते ही बाई. तुम्हाला पाठवणाऱ्या ब्युरोला फोन करून कौतुक केलंय मी तुमचं.

जयमाला : मशीन घातलं न्हाई तर डोकं आजून लवकर जातं, आसं डाक्टर म्हनले न तुमच्याच समोर. साहेबांचा जन्म गेला कारखान्यातल्या प्रेसच्या धडधडीत. कान गेले, मग चारचौघांत बसनं गेलं, बोलनं गेलं. त्यात बीपी अंगावर काढलं, शुगर अंगावर काढली. आदीच मशीन घेतलं आसतं, चालनं-फिरनं ठेवलं आसतं तर एवढ्या लवकर गेलं नसतं. हे समदं मी ध्यानात ठेवून करते. गोळी चुकवली का कदी? चालायला न्हेनं चुकवलं?

स्वप्नाली : म्हणजे काळजीनं घालता मशीन?

जयमाला : काळजीनं बी. आनि समदं ऐकू यावं म्हनून बी. त्ये बी खरं हाय.

स्वप्नाली : कोण आहात तुम्ही?

जयमाला : ऐकलंय की तुमी ह्याच्यात.

स्वप्नाली : त्यांना सांगितलेलं ऐकलंय. आता मला सांगा. माझ्या डोळ्यांत बघून सांगा.

जयमाला : माझे मालक, माझ्या लेकीचे, मोनिकाचे पप्पा, तुमच्या वडलांच्या हाताखाली व्हते. चाकनला. प्रेसवर. नाव ज्ञानोबा. तो प्रेस कसा आसतो म्हाइत हाय का तुमाला?

स्वप्नाली : मी इंजिनिअर आहे, मावशी.

जयमाला : कॉम्प्युटरच्या. मी सांगते. पत्रा आत ठेवायचा, हात भाईर काढायचे. दोन बाजूला दोन बटनं. दोन हातांनी दोनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हंजे हात आत राहूच शकत न्हाई. पन त्याला येळ लागतो. म्हनून एक बटन कायमचं दाबून बांधून टाकलेलं. एका हातानं पत्रा सरकवा, दुसऱ्यानं बटन दाबा. चार बोटं गेली उजव्या हाताची. अंगठा तेवढा राहिला.

स्वप्नाली : वाईट झालं. पण कारखान्यात अपघात होतात.

जयमाला : व्हतेत. मी कुटं म्हनले तुमच्या बापानं बोटं कापली? दवाखान्यात आले साहेब. कडक इस्तरीचं शर्ट. खाटंजवळ बी आले न्हाईत, दारातूनच म्हनले, 'बाई, हा दारू पिऊन मशीनवर उभा होता. तसा रिपोर्ट गेलाय. आता घरच्या घरी आवरा त्याला.' आवरा म्हनले. सांडलेलं आवरतेत तसं.

स्वप्नाली : आणि ते प्यायलेले नव्हते.

जयमाला : त्येंनी तवर पान बी खाल्लं न्हवतं. पन कागदावर आलं न. कामावरून काढलं. समद्या चाळीत झालं, मोनिकाच्या शाळेत झालं. नऊ वर्षांची पोर, मुली तिला वासाची अ‍ॅक्टिंग करून दाखवायच्या. दोन वर्षं ह्यो मानूस नुस्ता घरात बसून राहिला. मग एक दिस पिऊनच आला. म्हनला, लिहिलंच हाय तर पितो. आता परभनीला भावाच्या शेतात पडलेला आसतो. दोन वर्षांखाली मोनिकाचं लगन झालं. मांडवाच्या दारापस्तोर आले व्हते, नवं शर्ट घालून. तिनंच परत लावलं.

स्वप्नाली : आणि म्हणून तुम्ही माग काढत माझ्या घरी आलात.

जयमाला : माग कशाचा काढते? ब्युरोनं पाठवलं. 'पेशंट पुरुष, अडुसष्ट, वाकड,' एवढंच म्हनले. पैल्या दिवशी तुमी चहा टाकायला आत गेला, आनि मी ह्या भिंतीवरचा फोटू बगितला. हार घातलेला, कंपनीतल्या निरोपाचा. तितंच वळखलं साहेबांना.

स्वप्नाली : तेव्हाच निघून जायचं होतं.

जयमाला : महिनाभर रोज ठरवत व्हते, उद्यापसून यायचं न्हाई. मग एकदा सायबांनीच इचारलं. लई आदबीनं. 'तुमचे मिस्टर काय करतात?' तर सांगितलं. काय करतेत आनि कशामुळं करतेत. रडले हो त्ये. हात जोडले, माझ्या पायाला हात लावायला वाकले. त्या दिवशी घरी जाऊन मी पोटभर जेवले. लई वर्षांनी.

स्वप्नाली : झालं ना मग? मिळालं ना तुम्हाला?

जयमाला : दुसऱ्या दिवशी दार उघडून आत आले तर म्हनतेत, 'नवीन का तुम्ही? तुमचे मिस्टर काय करतात?' आसा राग चढला ताई! पंधरा वर्षं मी एक दिस इसरले न्हाई, आन ह्येंचं एका झोपेत साफ? तर परत सांगितलं. परत रडले. तिसऱ्या दिवशी परत.

स्वप्नाली : शी.

जयमाला : ब्युरोच्या शिबिरात मॅडमनं शिकवलं व्हतं. आसल्या पेशंटला वाईट बातमी सांगायची न्हाई. तो इसरतो, परत इचारतो, आनि परत सांगितलं की त्येला ती पैल्यांदाच कळती. दर बारीला तेवढंच दुखतं. मी वहीत लिहून घेतलं व्हतं.

स्वप्नाली : आणि तेच शस्त्र केलंत.

जयमाला : व्हय.

स्वप्नाली : आई गेल्याचं? तेही सांगत होतात?

जयमाला : न्हाई. साधनाबाई कुटं म्हनले की मी बी तुमच्यासारखंच सांगते, कासारवाडीला बहिनीकडं गेल्यात म्हनून. त्यात साहेबांचा गुन्हा न्हाई. त्याचं मी कशाला रडवू?

स्वप्नाली : वा! मोजूनमापून छळलंत म्हणायचं. तुम्हाला माहितीये, ते काय ऐकलं ते विसरतात, पण घाबरल्याचं विसरत नाहीत? कशाला घाबरलो ते कळत नाही, नुसती भीती राहते अंगात. दिवसभर.

जयमाला : राहावं म्हनूनच सांगत व्हते.

स्वप्नाली : मी पोलिसांत देणार आहे तुम्हाला. आजच. आजारी म्हाताऱ्या माणसाचा छळ. ब्युरोला हे सगळं पाठवणार. पिंपरी-चिंचवडमध्ये कुणी दारात उभं करणार नाही तुम्हाला.

जयमाला : द्या. पन त्ये परवाचं तेवढं माझ्या फोनवर पाठवा. ज्यात साहेब बटनाचं बोलतेत.

स्वप्नाली : कशाला?

जयमाला : आदी नुस्ते रडायचे. मग हळूहळू त्येंनाच आठवायला लागलं. परवा म्हनले, 'मीच सांगितलं बांधायला. सायकलची ट्यूब कापून बांधली.'

स्वप्नाली : त्याला काही अर्थ नाही. असे पेशंट दुसऱ्याकडून ऐकलेलं आपलंच म्हणून सांगतात. तुम्ही तीन महिने डोक्यात भरवलंत, ते बोलले.

जयमाला : ट्यूबचं मला म्हाइतच न्हवतं, ताई. मोनिकाचे पप्पा निस्तं 'बांधलेलं' म्हनायचे. ट्यूब मी कुठून भरवू? मला कोरटात न्हाई जायचं. मला तेवढं लेकीला ऐकवायचंय. ती चाकनलाच हाय, वायरिंगच्या कंपनीत. बापाचं नाव काढलं तर ताटावरून उठती.

स्वप्नाली : हे? हेच ना परवाचं? बघा इकडे. नीट बघा. डिलीट. आणि इथूनही, कायमचं. गेलं. आता काय ऐकवाल लेकीला? बोला ना. रोज बोलता की एवढं.

जयमाला : तुमी त्येंचीच लेक हाय. शोभता.

सयाजी : साधना? अगं, कोण ओरडतंय?

स्वप्नाली : कोणी नाही, बाबा. मी आहे, स्वप्ना. उठलात? या, इथं बसा.

सयाजी : कॉलेज नाही का आज?

स्वप्नाली : सुट्टी आहे.

सयाजी : आणि ह्या कोण? नमस्कार. उभ्या का, बसा ना. तुमचे मिस्टर काय करतात?

स्वप्नाली : मावशी, एक शब्द बोलायचा नाही! किचनमध्ये जा. आज मी विचारते त्यांना, माझ्या तोंडानं, तुमचं रडगाणं न ऐकवता. तुम्ही आतून ऐका. ते काय ते सांगतील, आणि मग मी तुम्हाला पोलीस चौकीत घेऊन जाईन.

जयमाला : इचारा. मशीन कानात न्हाई त्येंच्या, उशाशी काढून ठेवलंय. घालून मग इचारा.

स्वप्नाली : ...हं. बाबा, मान इकडे करा. बसलं? येतंय ऐकू?

सयाजी : येतंय, येतंय. एवढ्या मोठ्यानं नको.

स्वप्नाली : बाबा, चाकणला तुमच्याकडे ज्ञानोबा म्हणून कोणी होता? प्रेसवर?

सयाजी : ज्ञानोबा... परभणीचा. चार नंबरवर असायचा. हात चांगला होता त्याचा. स्क्रॅप नाही, काही नाही. कधी सुट्टी मागायचा नाही.

स्वप्नाली : काय झालं त्याचं?

सयाजी : तू कशाला विचारतेस? ती बाई गेली का?

स्वप्नाली : आत आहे. तिला नाही ऐकू येत.

सयाजी : बोटं गेली. नवीन गाडी येणार होती बाजारात. वरून रोज फोन, चार हजार पीस द्या, चार हजार पीस द्या. दोन-दोन बटणं दाबत बसलं तर कुठून निघणार चार हजार? मेंटेनन्सवाल्याला म्हटलं, बांधून टाक एक. त्यानं सायकलची ट्यूब कापून बांधली. सगळ्या लाइनवर बांधल्या की. बाकी कुणाचं काही गेलं नाही. त्याचं गेलं.

स्वप्नाली : पण... पण तो प्यायलेला होता ना, बाबा? तसं होतं ना रिपोर्टमध्ये?

सयाजी : हॅ! ज्ञानोबा कसला पितोय. पोरं त्याला चिडवायची, चहा तरी पी म्हणून. अगं, फॅक्टरी इन्स्पेक्टर यायच्या आत ट्यूब सोडली आणि एक ओळ लिहिली. तुला सांगतो, दारूचं लिहिलं ना, की पुढं कुणी काही विचारत नाही. युनियन विचारत नाही. बायकोसुद्धा विचारत नाही. लाइन एक तास पण थांबली नाही त्या दिवशी.

स्वप्नाली : तुम्हाला काहीच वाटलं नाही?

सयाजी : वाटायला वेळ कुठं असतो? त्याच दिवाळीला प्लांट हेड केलं मला. तुला लॅपटॉप आणला नाही का, तो काळा? आवडला ना तुला?

स्वप्नाली : बाबा, तुम्ही रडता त्याच्यासाठी. ह्या बाई सांगतात तेव्हा. हात जोडता. मी बघितलंय.

सयाजी : कोण बाई? हे बघ, माझ्या केबिनमध्ये अशा किती यायच्या. बाई समोर उभी राहून रडायला लागली की आपणही डोळ्यांना रुमाल लावायचा, हात जोडायचे. गप्प होतात मग. जातात निघून. वाद घालायचा नाही कधी, वाद वाढतो. साधना आली का? चहा टाक म्हणावं.

स्वप्नाली : आई कासारवाडीला गेलीये.

सयाजी : बरं. मग त्या बाईंना सांग.

जयमाला : आनलाय. साखर न्हाई टाकली, साहेब. गॅलरीत बसून घ्या, ऊन हाय तितं. सावकाश. कप दोनी हातांनी धरा.

सयाजी : थँक यू हं. नवीन का तुम्ही?

जयमाला : व्हय.

स्वप्नाली : मावशी.

जयमाला : ऐकलं मी.

स्वप्नाली : मला माहीत नव्हतं. शपथ घेऊन सांगते, मला काहीच—

जयमाला : बायकोसुद्धा इचारत न्हाई म्हनले. खरं हाय त्ये. दवाखान्यात मोनिकाचे पप्पा झोपल्यावर मी त्येंच्या तोंडाजवळ वाकून वास घेतला व्हता. औषिधाचा वास व्हता निस्ता. तरी बी मी इचारलं न्हाई, त्येंनी सांगितलं न्हाई. मला वाटलं, एवढा मोठा साहेब खोटं कशाला लिहील?

स्वप्नाली : आता मी सांगणार त्यांना. रोज सकाळी. मशीन घालून. तुम्ही सांगितलंत त्याच्यापेक्षा जास्त सांगणार.

जयमाला : काय व्हनार त्यानं? मला रुमाल दाखवत व्हते, तुमाला लॅपटॉप दाखवतील. आनि मी येडी, घरी जाऊन पोटभर जेवले.

स्वप्नाली : मग मी काय करू? त्यांना काही कळतसुद्धा नाही. कुणावर चिडू मी?

जयमाला : मला नका इचारू. मला तुमची कीव न्हाई आली आजून.

स्वप्नाली : मघाशी ते मुद्दाम पुसलं मी. तुमच्या डोळ्यांसमोर. तुम्हाला दुखावं म्हणून.

जयमाला : दुखलं.

स्वप्नाली : कॅमेरा चालूच होता आत्ता. सगळं आलंय, चार नंबरपासून रुमालापर्यंत. हे नाही पुसत. मोनिकाचा नंबर द्या.

जयमाला : तुमच्या बापाचं हाय त्ये. उद्या पाव्हनेरावळे बगतील, लोक थुंकतील.

स्वप्नाली : थुंकू देत. नंबर द्या. पाठवते आणि मीच बोलते. तुम्ही सांगितलंत तर ती म्हणेल, मम्मी पुन्हा त्यांची बाजू घेतेय.

जयमाला : आत्ता शिफ्ट सुटून बसमधी बसली आसंल. हा घ्या नंबर.

स्वप्नाली : गेला व्हिडिओ. ...हॅलो, मोनिका? मी स्वप्नाली बोलतेय. वाकडला तुमच्या आई ज्यांच्याकडे कामाला येतात...

मोनिका : मम्मीला काय झालं?

स्वप्नाली : काही नाही. इथंच आहेत, माझ्याजवळ. फोन स्पीकरवर आहे. मोनिका, मी एक व्हिडिओ पाठवलाय तुम्हाला. त्यात माझे वडील आहेत. ते चाकणला तुमच्या पप्पांचे साहेब होते. ज्या दिवशी अपघात झाला त्या दिवशी तुमचे पप्पा प्यायलेले नव्हते. माझ्या वडिलांनी खोटं लिहिलं.

मोनिका : काय? बसमध्ये आवाज आहे हो. परत बोला.

स्वप्नाली : तुमचे पप्पा प्यायलेले नव्हते. कधीच पीत नव्हते तेव्हा.

मोनिका : ...थांबा. बघते मी. फोन ठेवू नका.

स्वप्नाली : बघतेय ती.

जयमाला : बगू द्या. तवर माझं ऐका. पाच वाजले की साहेब 'घरी जायचं, घरी जायचं' करून दाराकडं पळतेत. हेच घर हाय म्हनून वाद घालू नका. चला म्हना, लिफ्टपस्तोर दोन चकरा मारा, इसरतेत. कडी वरून लावत जा. जेवन थाळीत एका येळंला एकच वाढा, लई दिसलं की गोंधळतेत. उद्यापसून मी येनार न्हाई.

स्वप्नाली : दुसरी मिळेपर्यंत तरी... मी एकटी कशी करू?

जयमाला : ब्युरो देती आठ दिवसांत. आनि पोलिसांत जायचं तर जावा. मी घरीच हाय.

स्वप्नाली : नाही जात. मावशी, मला माफ—

जयमाला : त्ये नका मागू. त्येंच्यासाठी बी न्हाई, तुमच्यासाठी बी न्हाई.

मोनिका : मम्मी? मम्मी, आहेस का?

जयमाला : हाय, माय. बोल.

मोनिका : मी त्यांना मांडवातून परत लावलं.

जयमाला : व्हय.

मोनिका : तू तिथंच उभी होतीस. काही बोलली नाहीस.

जयमाला : न्हाई बोलले.

मोनिका : मला बोलायचंय त्यांच्याशी. आत्ता. फोन आहे का त्यांच्याकडे?

जयमाला : काकाच्या फोनवर लाव. सहाच्या आत लाव, माय. सहानंतर त्ये शुद्धीत नसतेत.